पाणी साडेपाचला

ग्रुपचं नाव अजून तेच आहे, ‘चौथी गल्ली पाणी’.
डीपीला नळ.
कुणी काढलाय, कुठला, माहीत नाही;
सुभाषनगरात एवढी धार कुठल्याच नळाला नाही.

काम एकच. चावीवाल्याचा फोन आला
की मी लिहायचं, ‘पाणी साडेपाचला.’
मग अंगठे येतात, गुलाब येतात,
आणि कुणाच्या तरी भाच्याच्या वाढदिवसाचा बॅनर,
शुभेच्छुक एकोणचाळीस.

संपतदादा व्हटकर गेले तेव्हा
आम्ही सगळे ‘अटॅक’ म्हणालो.
एकच शब्द, अख्ख्या गल्लीनं वाटून घेतला,
एका कातड्यातून सगळ्यांचे तळ कापावेत तसा.
त्यांच्या पाटावर अर्धी विणलेली वेणी
तशीच वाळून कडक झाली.

चौथ्या दिवशी मी लिहिलं, ‘पाणी साडेपाचला.’
बोट तिथंच थांबलं.
खाली आणखी एक ओळ घातली:
‘काल रातीला झोप लागली काय सगळ्यांना?’

बेचाळीस जणांनी वाचलं.
एक अंगठा नाही.
सकाळी नळावर शेवंतामावशी म्हणाल्या,
‘आशाताई झालीस म्हणून आता
झोपंची बी नोंद ठेवायलीस व्हय?’
मी हंडा पुढं सरकवला.

तरी रोज लिहीत राहिले.
कधी आवाज टाकला, अर्ध्या मिनिटाचा,
मागं हातोडी, कुकर, पोराचे पाढे.
ट्रेनिंगच्या कागदावर शब्द होता, ‘नैराश्य’.
तो बोलून बघितला, ऐकला, पुसून टाकला.
आमच्या गल्लीत नैराश्य कुणाला येत नाही.
डोस्कं उठतंय. जेवण गोड लागंना.
उगंच भ्या वाटतंय बघ, दिवं लागायच्या टायमाला.

म्हणून मग पायताणाचं सांगितलं:
कापशीत आपण विंचू बसवतो, मुद्दाम,
पाऊल टाकलं की करकर वाजावं म्हणून.
घालणारा ऐटीत चालतो, रस्ता वळून बघतो.
पण एखाद्याच्या आत
कुणी न बसवलेला विंचू असतोय,
त्यो वाजत न्हाई.

अठराव्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी,
एक शब्द आला.
‘न्हाई.’

उत्तम कवाळे.
शिरोलीला भट्टीवर असतो,
गणपतीत बेंजोपुढं सगळ्यात पुढं त्याचाच हात वर.
मी लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं.
माझ्याआधी हौसाक्कांचा आवाज आला.
बटण दाबून धरलेलं त्यांचं, सोडायचं राहून गेलेलं:
तीन मिनिटं नुसता पंखा,
एक खोकला, भांड्याचा आवाज,
आणि शेवटी, ‘मला बी न्हाई रं बाळा.
चा ठेवलाय. येतोस काय?’

पलीकडची कडी वाजली.
काय बोलले, मला ठाऊक नाही.
विचारलं नाही.

गल्लीत घरं साठ, ग्रुपात बेचाळीस.
ज्योत्स्नाचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो;
तिला मी नळावर तोंडी मेसेज टाकते,
ती घागरीत बघून उत्तर देते.
बाबूराव साळोखे ग्रुप सोडून गेले,
‘पाण्याचं बोला फकस्त,’ एवढं लिहून.
दोन दिवस पाणी चुकलं, तिसऱ्या दिवशी आले परत.
झोपेचं अजून काही सांगत नाहीत.

सोमवारी सीपीआरमध्ये,
खोलीबाहेरच्या बाकावर, उत्तम आणि मी.
तो सारखा टोपी काढून मांडीवर घडी घालत होता.
‘कुणी बघितलं तर काय सांगू?’
‘पाण्याचा अर्ज द्यायला आलोय म्हण.’
तो हसला. बऱ्याच दिवसांनी असावा,
गाल अवघडल्यासारखे वाटले.
त्याचा डेटा संपलेला. माझ्या फोनवरनं जोडून घेतला
आणि ग्रुपात लिहिलं:
‘माझा नंबर सतरा. आता नववा आत गेलाय.’

अंगठे आले.
गुलाब आले.
हौसाक्कांचा आवाज आला, पुन्हा तीन मिनिटांचा.
एका फोनला दोन कान लावून
आम्ही तो शेवटपर्यंत ऐकला.
पंखा होता.
पंखाच होता.